खाली, आणखी खाली

मोटर रेसिंगमधला माणूस नियमावली वाचतो ती वकिलाच्या नजरेने. काय करा म्हटलंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. काय करू नका म्हणायचं राहून गेलंय, ते तो शोधत असतो. फॉर्म्युला वनच्या तांत्रिक नियमांचा तो जाडजूड ऐवज आमच्या विभागात प्रत्येकाने आपापल्या खुणांनी रंगवून ठेवलेला असतो. मी गाडीच्या गतिशास्त्राचं काम करते. म्हणजे गाडी ट्रॅकपासून किती उंचीवर पळेल, ब्रेक लावताना नाक किती खाली जाईल, टायर किती दबेल, ही गणितं. फॉर्म्युला वनच्या बहुतेक टीमांचे कारखाने इंग्लंडात, सिल्व्हरस्टोनच्या आसपासच्या परगण्यांत आहेत. त्यातल्याच एकात माझी नोकरी. टीमचं नाव सांगत नाही. एक तर करारात तशी अट आहे, आणि दुसरं म्हणजे नाव सांगून काही उलगडणार नाही. २०२२च्या सुरुवातीला आमची जी गत झाली, तीच थोड्याफार फरकाने बहुतेकांची झाली.

नियम बदलायचं कारण पटण्यासारखंच होतं. २०२१पर्यंतच्या गाड्या आपल्या मागची हवा इतकी ढवळून टाकत की पाठलाग करणाऱ्या गाडीला ती घुसळलेली हवाच वाट्याला येई. हवेने गाडीला जमिनीवर दाबून धरण्याचा जो जोर, म्हणजे डाउनफोर्स, तो वीस मीटर मागे असतानाच ३५ टक्के कमी होई, आणि दहा मीटरवर आलं की ४६ टक्के. वळणावर पुढच्याच्या जवळ जाताच येत नसेल तर ओव्हरटेक कसला करणार? मग फॉर्म्युला वनच्या रॉस ब्रॉन, पॅट सिमंड्स यांच्या गटाने आणि खेळाचे नियम करणाऱ्या एफआयए या संघटनेच्या निकोलस टॉम्बाझिस यांनी नवा आराखडा तयार केला. गाडीच्या बाजूंना लावलेल्या शेकडो पात्यांचं जंगल साफ करायचं आणि डाउनफोर्सचा मोठा हिस्सा पोटाखालून मिळवायचा. फ्लोअरच्या, म्हणजे गाडीच्या तळाच्या, खाली दोन्ही बाजूंना निमुळते होत मग पसरणारे बोगदे, त्यातून हवा वेगाने जाणार, दाब कमी होणार आणि गाडी खाली ओढली जाणार. त्यांच्या हिशेबाने आता वीस मीटरवर फक्त ४ टक्के आणि दहा मीटरवर १८ टक्के नुकसान होणार होतं.

हे तत्त्व काही नवीन नव्हतं. लोटसने १९७७ साली आपल्या ७८ क्रमांकाच्या गाडीत ते आणलं, पुढच्या वर्षी ७९ क्रमांकाच्या गाडीने मारियो आंद्रेत्तीला विश्वविजेता केलं, आणि १९८३पासून सपाट तळाची सक्ती करून एफआयएने तो खेळ बंद केला. त्या काळातल्या गाड्याही सरळ रस्त्यावर वरखाली उसळत, हे पुस्तकांत आम्ही सगळ्यांनीच वाचलं होतं. पण वाचलेलं आणि हाताळलेलं यात फरक असतो. तेव्हाच्या गाड्यांवर काम केलेला एकही माणूस आमच्या कारखान्यात उरला नव्हता. रेड बुल टीमकडे डिझायनर एड्रियन न्यूई होते, आणि त्यांनी साउदॅम्प्टन विद्यापीठात शेवटच्या वर्षाचा प्रबंधच या विषयावर केला होता. ही माहिती त्या वर्षी आमच्याकडे चहाच्या वेळेला थट्टेत निघायची. थट्टेत मत्सरही असायचाच.

खरं तर हे नियम २०२१ साठी होते. करोनामुळे एक वर्ष पुढे गेले आणि २०२० साल संपेपर्यंत नव्या गाडीवर एरोडायनॅमिक काम करायलाच मनाई झाली. १ जानेवारी २०२१ला ते दार उघडलं. विंड टनेलवर आधीच बंधनं होती: मॉडेल खऱ्या गाडीच्या ६० टक्क्यांपेक्षा मोठं नको, वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर नको, म्हणजे ताशी १८०. वर तास मोजलेले. जो गेल्या मोसमात पहिला आला त्याला सगळ्यांत कमी वेळ, जो शेवटचा आला त्याला सगळ्यांत जास्त. २०२२ साठी पहिल्याला ७० टक्के, सातव्याला १००, दहाव्याला ११५, अशी उतरंड. खर्चालाही कमाल मर्यादा होती, १४ कोटी डॉलरची. ड्रायव्हरांचे पगार त्यात धरत नाहीत, तरीही बाहेरच्याला हा आकडा अफाट वाटेल, आणि तो आहेच. पण पूर्वी एखादी कल्पना फसली की मोठ्या टीमा पैसे ओतून दुसरी उभी करत, ती सोय आता गेली होती.

टनेलमधून आमच्या हाती जो नकाशा येतो त्यात एका अक्षावर गाडीची पुढची उंची, दुसऱ्यावर मागची, आणि रंगांत डाउनफोर्स. नव्या गाडीच्या नकाशात सगळ्यांत गडद रंग खालच्या डाव्या कोपऱ्यात होता. गाडी जितकी खाली, तितका आकडा वर. एरोवाल्यांनी वर्षभर त्या कोपऱ्यात अक्षरशः तळ ठोकला. प्रत्येक नवा फ्लोअर तिथे थोडी भर घालायचा, आणि आमच्या सिम्युलेशनमध्ये लॅपची वेळ उतरायची. डिसेंबरात सगळे खूश होते.

२३ फेब्रुवारी २०२२ला बार्सिलोनात पहिली चाचणी सुरू झाली. टीव्हीवर थेट प्रक्षेपण नव्हतं. आम्ही कारखान्यातल्या ऑपरेशन रूममध्ये हेडफोन लावून बसलो होतो. टेलिमेट्रीत राइड हाइटची रेषा असते, गाडीच्या पोटाखाली बसवलेला लेझर ती मोजतो. सरळ रस्त्यावर वेग वाढतो, डाउनफोर्स वाढतो, गाडी हळूहळू खाली बसते, म्हणून ती रेषा उताराला लागल्यासारखी सावकाश खाली यायला हवी. आली, अर्ध्या रस्त्यापर्यंत. मग ताशी अडीचशेच्या पुढे ती दातेरी झाली. आधी बारीक दाते, मग मोठे, मग इतके मोठे की प्रत्येक दात्याच्या टोकाला गाडी डांबरावर आपटत होती. सेकंदाला पाच-सहा वेळा. पहिला संशय अर्थात सेन्सरवर. सेन्सरला शिव्या घालणं ही आमच्या धंद्यातली पहिली प्रतिक्रिया असते आणि बऱ्याचदा ती बरोबरही असते. पण दुपारपर्यंत इतर टीमांचे व्हिडिओ फिरायला लागले. लाल गाडी, चंदेरी गाडी, सगळ्यांची हेल्मेटं तशीच वरखाली होत होती. खोलीत कुणीतरी हुश्श केलं. आपण एकटेच बुडत नाही, याचा केवढा आधार असतो.

झालं होतं ते असं. वेग वाढला की फ्लोअर गाडीला खाली ओढतो. खाली गेली की फट अरुंद होऊन ओढ आणखी वाढते. एका उंचीखाली मात्र हवेला जायला जागाच उरत नाही, प्रवाह तुटतो आणि ओढ एकदम सुटते. दाबलेले टायर आणि स्प्रिंगा गाडीला वर फेकतात. वर गेली की प्रवाह पुन्हा धरतो, गाडी पुन्हा खाली. यालाच पॉरपॉइझिंग म्हणतात. टनेलमधलं मॉडेल एका भक्कम खांबाला धरलेलं असतं. त्याला तुम्ही द्याल त्या उंचीवर ते मुकाट बसतं. त्यामुळे नकाशातला तो गडद कोपरा खोटा नव्हता. तिथे डाउनफोर्स खरंच होता. फक्त गाडीला तिथे राहता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि चाचणीच्या शेवटच्या दिवशी हास टीमने आपल्या गाडीवरून रशियन पुरस्कर्त्याचे रंग उतरवले. ऑपरेशन रूममध्ये त्यावर दोन मिनिटं बोलणं झालं आणि सगळे परत आपापल्या दातेरी रेषांकडे वळले. आज ते आठवलं की विचित्र वाटतं.

बार्सिलोनाहून फ्लोअर परत आला तो घोड्यांवर आडवा ठेवून कार्बनच्या विभागातल्या एका जुन्या कारागिराने तपासला. मला कडांची अवस्था बघायची होती म्हणून मी तिथे गेले होते. तळाच्या फळीवर ओरखडे होतेच. ती मूळची १० मिलिमीटर जाडीची असते आणि ९च्या खाली घासली गेली की गाडी बाद. पण त्याला काळजी होती ती मागच्या चाकाच्या पुढ्यातल्या कडेची. खिशातून त्याने एक नाणं काढलं आणि कडेवरून बोटभर अंतराने टकटक करत गेला. टक्, टक्, टक्, आणि एका ठिकाणी आवाज बद्द झाला. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. बद्द आवाज म्हणजे आतले थर सुटलेले. त्याने पांढऱ्या खडूने त्या जागेभोवती रेघ मारली आणि पुढे सरकला. कडेच्या टोकाशी पोचेपर्यंत अशी चार-पाच बेटं झाली होती. वरून बघितलं तर फ्लोअर नवा दिसत होता.

म्हणजे कडा हलत होती, फडफडत होती, आणि त्या फडफडीने उसळी आणखी वाढत होती. एफआयएने बाहरीनच्या चाचणीपर्यंत फ्लोअरला धातूचा तणावा बांधायला परवानगी दिली. त्याने थोडा फरक पडला. आम्ही कडेला थर वाढवले, म्हणजे वजन वाढलं. आणि वजनाची रड आधीपासूनच होती: किमान वजन ७९५ किलो ठरलं होतं, ते मोसमाच्या तोंडावर ७९८ करण्यात आलं, तरी बहुतेक गाड्या त्याच्या वरच. मग रंग खरवडायला सुरुवात झाली. त्या वर्षी गाड्या एकदम काळ्या काळ्या दिसू लागल्या, त्यात फॅशनचा काही संबंध नव्हता. उघडा कार्बन होता तो.

२० मार्चला बाहरीनची शर्यत झाली. लक्लेर पहिला, साइंझ दुसरा. दोन्ही रेड बुल शेवटच्या लॅप्समध्ये इंधनाच्या बिघाडाने बाहेर पडल्या म्हणून मर्सिडीजच्या हॅमिल्टनला तिसरी जागा मिळाली. २०२१मध्ये एकही गुण न मिळवलेल्या हासचा मॅग्नुसन पाचवा आला. त्यांनी जुन्या गाडीवर पाणी सोडून सगळी ताकद नव्या नियमांवर लावली होती. ब्रेक तापण्याने आधीच बेजार झालेलं मॅक्लारेन चौदावं आणि पंधरावं. नवे नियम आले की असा पट उधळतो. आमचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

रात्री सांगलीहून अण्णांचा फोन. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडीचा आवाज ऐकून दुखणं सांगायची सवय गेलेली नाही. शर्यत त्यांनी टीव्हीवर बघितली होती.

"काय गं, शॉकअप गेलेत का तुमच्या गाडीचे?"

"नाही अण्णा, शॉकअप नवीन आहेत. उसळी टायरातून येते. सस्पेन्शन एवढं कडक आहे की टायरच स्प्रिंगचं काम करतो."

"मग हवा कमी करा की थोडी."

"नाही करता येत. कमीत कमी किती हवा ठेवायची ते टायर पुरवणारी पिरेली ठरवते."

"आता हवा बी दुसऱ्याच्या हुकमानं?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग गाडी उचला वर."

यावर मी काहीतरी बोलून विषय बदलला. कारण आदल्या आठवड्यातल्या बैठकीत नेमकं हेच एकाने सुचवलं होतं आणि त्यानंतर बराच वेळ कुणीच काही बोललं नव्हतं. अण्णांना सांगायचं तर कारणं होती. आधीच्या गाड्यांत असले हेलकावे गिळणारी इनर्टर नावाची यंत्रणा आणि हायड्रॉलिकची जोडणी होती, नव्या नियमांनी दोन्ही काढून घेतल्या. चाकं १३ इंचांवरून १८ इंचांची झाली, टायरची भिंत आखूड झाली, ती पूर्वीसारखी लवत नव्हती. पण हे सगळं मान्य केलं तरी उत्तर त्यांचंच बरोबर होतं. गाडी उचलली की उसळी थांबते. आणि एकेक मिलिमीटर उचलला की लॅपमागे वेळ जातो.

पुढचे दोन-तीन महिने आमच्याकडे दोन तट पडले ते यावरूनच. एरोवाल्यांचं म्हणणं, गडद कोपऱ्यात एवढा डाउनफोर्स पडलाय, फ्लोअर थोडा ताठ केला, कडेला योग्य जागी खाचा पाडल्या, की गाडी तिथे राहील; एक फ्लोअर द्या, आणखी एकच. आमचं म्हणणं, त्या कोपऱ्याची आशा सोडा आणि वरच्या उंचीवर चांगला चालेल असा फ्लोअर पहिल्यापासून काढा. दोन्ही करायला पैसे नव्हते. फ्लोअर हा गाडीचा सगळ्यांत मोठा एरोडायनॅमिक भाग. साचे, कार्बनचे थर, ऑटोक्लेव्हमधली भाजणी, सगळं धरून एका नव्या फ्लोअरला कित्येक आठवडे लागतात. मार्चमध्ये काढलेली रेघ मे महिन्यात गाडीवर दिसते. मधल्या शर्यती जुन्या फ्लोअरवर, खडूच्या बेटांसकट.

मला त्या वादात राग एरोवाल्यांचा कधी आला नाही. त्यांनी एक वर्ष घालवून मिळवलेला आकडा होता तो. जो आकडा चुकीचा निघतो तो सोडणं सोपं असतं. हा बरोबर होता. टनेलमध्ये रोज तो पुन्हा यायचा, तंतोतंत. मर्सिडीजचं त्या वर्षी जे झालं ते सगळ्या जगाने बघितलं. २०१४पासून सलग आठ वर्षं टीमचं विजेतेपद मिळवणारे लोक, बाजूचे खोके जवळजवळ नाहीसे केलेली गाडी घेऊन बाहरीनला आले, आणि त्यांच्याही कॉम्प्युटरमध्ये ती गाडी झकास होती. मे महिन्यात बार्सिलोनाच्या शर्यतीला सुधारणा करून त्यांनी हवेची उसळी बरीच आटोक्यात आणली, तर मोनॅको आणि बाकूच्या खडबडीत रस्त्यांवर गाडी इतकी खाली आणि कडक असल्यामुळे नुसतीच आदळायला लागली. दुखणं वेगळं, ड्रायव्हरच्या पाठीला त्याचं काय! त्यांची त्या वर्षातली एकमेव जीत नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये, रसेलच्या हातून आली.

माझ्या टेबलावरचं काम एवढंच होतं, की ही उसळी कुठल्या वेगाला सुरू होईल ते ट्रॅकवर जाण्याआधी सांगता यावं. सुरुवातीला आमचं गणित काहीच सांगत नव्हतं. त्यात गाडी कितीही हलवली तरी शांत व्हायची. अडचण अशी, की आम्ही धरून चाललो होतो की उंची बदलली की डाउनफोर्स त्याच क्षणी बदलतो. हवा तसं करत नाही. तुटलेला प्रवाह परत चिकटायला क्षणाचा काही अंश लागतो, आणि त्या उशिरामुळे ओढ नेमक्या चुकीच्या वेळी लागते. दर फेरीत हेलकाव्याला थोडी ताकद मिळत जाते. तो उशीर गणितात घातला आणि कॉम्प्युटरमधली गाडी पहिल्यांदा उसळली तेव्हा मी आणि शेजारचा पोर्तुगीज सहकारी एकमेकांकडे बघून हसायला लागलो. गाडी बिघडवण्यात यश आल्याचा आनंद आमच्या धंद्यातच मिळत असेल. नंतर प्रत्येक ट्रॅकच्या डेटावर तो उशीर थोडा थोडा जुळवत नेला. उन्हाळ्यापर्यंत आमचा वेग आणि ट्रॅकवरचा वेग बऱ्यापैकी जवळ आले होते.

१२ जूनला बाकू. दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्ता, तोही शहरातला. शर्यत संपल्यावर हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरताना दिसला आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळीकडे होता. ड्रायव्हर गाडीच्या तळावर जवळजवळ झोपलेला असतो, बुडाखाली कार्बनचा साचा, गादी-बिदी काही नाही. तळाला बसलेला प्रत्येक दणका मणक्यात जातो. आमच्याही ड्रायव्हरचे आकडे माझ्यासमोर होते. ते दाते मी महिनोन् महिने लॅपच्या वेळेच्या हिशेबानेच बघत आले होते. त्या सोमवारी आमच्या फिजिओने तेच आकडे मागितले.

रेड बुलचे तेव्हाचे प्रमुख ख्रिश्चन हॉर्नर जाहीरपणे म्हणत होते की ज्यांना त्रास होतोय त्यांनी गाडी वर घ्यावी, त्यासाठी नियम कशाला बदलायचे. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं चुकत नव्हतं. अण्णांचंही तेच मत होतं. पण गाडी चांगली चालत असलेल्याने ते म्हणणं सोपं असतं, आणि माझा अनुभव असा की कुठलीही टीम आपण होऊन गाडी उचलत नाही. आमच्याकडे शुक्रवारी उचललेली गाडी शनिवारी पात्रता फेरीला हळूच परत खाली यायची. ड्रायव्हरही विरोध करत नसे. पाठदुखी रविवारची, जागा शनिवारची. म्हणून एफआयएने कॅनडाच्या शर्यतीआधी पत्रक काढलं ते मला योग्य वाटलं. उभ्या हादऱ्यांसाठी एक माप ठरलं, शंभर किलोमीटरमागे किलोला १० ज्यूल, आणि ऑगस्टच्या अखेरीस बेल्जियमपासून ते लागू झालं. त्याबरोबर तळाची फळी किती लवू शकते यावरही चाप आला. उंचीचा निर्णय टीमच्या हातात थोडा कमी राहिला आणि आमच्याकडचं भांडण एका आठवड्यात मिटलं. तीन महिने जे युक्तिवादाने झालं नव्हतं ते झालं.

बेल्जियमला आम्ही गेलो ते वरच्या उंचीसाठी काढलेला फ्लोअर घेऊन. टनेलमध्ये त्याचा सर्वोच्च आकडा जुन्यापेक्षा कमी होता आणि विभागप्रमुखाने ती तुलना स्लाइडवरून काढून टाकायला लावली. गाडी फारशी वेगवान झाली नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण ती शुक्रवारी जशी होती तशी रविवारी राहू लागली, आणि ड्रायव्हरला ब्रेक कुठे लावायचा ते दिसू लागलं. गुण थोडे नियमित यायला लागले. रेड बुलने त्या वर्षीच्या २२पैकी १७ शर्यती जिंकल्या, त्यांच्याजवळ पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

ऑक्टोबरात पुढच्या गाडीची उद्दिष्टं ठरवायला बसलो तेव्हा तक्त्यात एरोवाल्यांनीच एक नवा रकाना आणला होता: प्रत्येक फ्लोअर किती उंचीपासून किती उंचीपर्यंत तग धरतो. कमाल डाउनफोर्सचा रकाना त्याच्या उजवीकडे सरकला होता. तक्ता निम्मा भरला असेल-नसेल. पण २०२३ साठी एफआयएने फ्लोअरच्या कडा १५ मिलिमीटर वर घ्यायचा नियम केलेलाच होता आणि जुन्या कडांवर मोजलेल्या सगळ्या ओळींवर काट मारावी लागली.